आडनावांचे सॉर्टर

बाबूजींना माणसाच्या नावात काडीचा रस नव्हता. दूधवाला असो, मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला असो की लग्नाची पत्रिका द्यायला आलेला पाहुणा, त्याला बसायला सांगण्याआधी ते विचारायचे, "आडनाव?" आडनाव कळलं की दुसरा प्रश्न, "कोन्ते?" आणि लगेच तिसरा, "मूळ गाव?" समोरच्यानं नाव सांगितलं तर हात झटकून म्हणायचे, "नाव मायबाप हौसेनं ठेवते बाप्पा. त्याच्यातून काही समजत नाई. आडनाव सांग."

माझं आडनाव मात्र मी इथं सांगणार नाही. का सांगत नाही ते पुढं कळेलच. कळल्यावर तुम्ही मला भित्रा म्हणाल. खुशाल म्हणा, मी आहेच.

एकदा निवडणुकीत एक उमेदवार वीस-पंचवीस जणांना घेऊन सावंगीच्या आमच्या गल्लीत आला. हात जोडून "मी याच मातीतला लेक" वगैरे सुरू झालं. बाबूजींनी त्याचं आडनाव विचारलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "तुम्ही इथले नाई. तुमचे पनजोबा दुष्काळात बैतुलकडून आले. चार बैलं अन् एक आंधळी म्हातारी घेऊन." उमेदवाराच्या तोंडचं पाणी पळालं. मागची पोरं फिदीफिदी हसली. बाबूजींना मात्र आपण कुणाचा अपमान केला याची कल्पनाच नव्हती. ते आनंदानं सांगत होते, "आंधळी होती, पन गाने काय म्हने म्हातारी!" उमेदवार गेला तो पुन्हा गल्लीत फिरकला नाही.

बाबूजी रेल्वेच्या टपालगाडीत सॉर्टर होते. चालत्या गाडीत उभं राहायचं, समोर लाकडी खणांची भिंत, हातात पत्रांचा गठ्ठा, आणि एकेक पत्र त्या त्या गावाच्या खणात फेकायचं. सदतीस वर्षं हेच केलं. लाखो पाकिटांवरची आडनावं आणि गावं डोळ्यांखालून गेली आणि डोक्यातच राहिली. निवृत्त झाल्यावर त्यांनी ऑफिसच्या लिलावातून एक जुनी खणांची भिंतच विकत आणली आणि ओसरीवर उभी केली. एकेक खण म्हणजे एकेक तालुका. त्यात जाड कागदाच्या चिठ्ठ्या. चिठ्ठीवर आडनाव, गाव, घरं किती, धंदा काय, आडनाव कशावरून पडलं. तीन हात लांब उभं राहून ते चिठ्ठी फेकायचे. नेमकी आपल्या खणात जायची. अकरा वर्षांत एकही चुकलेली मी पाहिली नाही.

आणि खात्री केल्याशिवाय चिठ्ठी खणात जात नसे. त्यांची एक पद्धत होती. नवीन आडनाव मिळालं की ज्या गावचं असेल तिथल्या पोस्टमास्तरला ते जोडकार्ड टाकायचे. जोडकार्ड म्हणजे एकमेकांना जोडलेली दोन पोस्टकार्डं, एकावर प्रश्न लिहायचा आणि दुसरं कोरं, उत्तरासाठी. "आपल्या गावी अमुक आडनावाची घरे किती, कोणत्या समाजाची, आणि तमुक इसम त्यांपैकी आहे काय, कृपया कळवावे." जिल्ह्यातले निम्मे पोस्टमास्तर त्यांना ओळखत होते. आठ दिवसांत उत्तर यायचंच.

या माणसाच्या घरी मी खोली मागायला गेलो. आ बैल मुझे मार, दुसरं काय!

नव्वदनंतरची पहिली तीन-चार वर्षं. सावंगीला इस्पितळ नवं नवं होतं, मी तिथं एक्स-रे टेक्निशियन म्हणून लागलो. लग्न झालेलं, बायकोला दिवस गेलेले. आम्ही बौद्ध. आमचं आडनाव असं की आमच्याकडं तीन-चार जातींत सापडतं, म्हणून पहिल्या भेटीत खोली मिळायची. मग कधीतरी कळायचं. पहिल्या घरमालकानं "गावाकडून पाहुणे येऊन राह्यले, खोली लागते" म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं तेवढीही तसदी घेतली नाही. बायकोनं निळ्या कोटातला फोटो भिंतीला लावला होता तो त्याच्या आईनं पाहिला, आणि संध्याकाळी आमची गादी रस्त्यावर होती. बायको गादीवर बसून रडत होती आणि लोक जाता-येता बघत होते. त्या दिवसापासून भीती माझ्या पोटात बसली. फोटो ट्रंकेत गेला, साड्यांच्या खाली.

तिसरं घर बाबूजींचं. बाबूजी, त्यांची सून म्हणजे आमच्या वहिनी, आणि मुलगा. मुलाचं वर्ध्याला कापडाचं दुकान, तो सकाळी जायचा तो अंधार पडल्यावरच यायचा. घर चालायचं वहिनींच्या शब्दावर.

"आडनाव?" बाबूजी म्हणाले. मी सांगितलं.

"कोन्ते?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तसं आमच्या घरी कोनालेबी देत नाई आम्ही. देवघर हाय, सोवळं नाई पन सनवार सगळे पाळतो. मानसं आपल्यातली पाह्यजे."

"मूळ गाव?" बाबूजी.

खरं गाव सिंदी रेल्वेच्या पलीकडचं एक खेडं. ते ओठावर आलं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं ती रस्त्यावरची गादी आली आणि मी म्हणालो, "नाचणगाव." कॉलेजातला एक मित्र तिथला होता. त्याचं आडनाव आणि माझं एकच. जात वेगळी.

"नाचनगाव!" बाबूजी खूश झाले. "पुलगावजवळचं. तिथं तुमची पाच-सात घरं पाह्यजे. जोडकार्ड टाकतो."

वहिनींनी किल्ली दिली.

दुसऱ्या दिवसापासून मी पोस्टमनवर डोळा ठेवला. देवराव त्याचं नाव, काटकुळा माणूस, सायकलला दोन्हीकडं पिशव्या. तो साडेअकराला गल्लीत यायचा. मी इस्पितळात सांगून दुपारपाळी घेतली आणि रोज साडेअकराला फाटकाशी उभा राहायला लागलो. वडिलांनाही कळवलं की पत्र घरी टाकू नका, इस्पितळाच्या पत्त्यावर टाका, कारण बाबूजी पाकिटावरचा शिक्का अर्धा पुसलेला असला तरी वाचायचे. वडिलांनी का म्हणून विचारलं नाही. त्यांना कळलं असणार. त्यांनीही माझ्या शाळेच्या दाखल्यावर आजोबांचं आडनाव काढून हे दुसरं घातलं होतं.

सहाव्या दिवशी कार्ड आलं. "बाबूजीचं हाय," देवराव म्हणाला. "द्या, मी देतो," मी म्हणालो. त्यानं दिलं. मी मोरीत जाऊन कडी लावली आणि वाचलं. "नाचणगाव येथे सदर आडनावाची सात घरे आहेत. सर्व शेती करतात. आपण कळविलेल्या नावाचा मुलगा त्यांपैकी कोणत्याही घरी नाही. नीट चौकशी करूनच खोली द्यावी. कळावे." शेवटचं वाक्य बाबूजींनी विचारलंही नव्हतं. पोस्टमास्तरनं आपल्या पदरचं घातलं होतं.

फाडून टाकायचं धाडस झालं नाही. का कोण जाणे. इस्पितळात एका न नेलेल्या एक्स-रेच्या पाकिटात, कुणाच्या तरी मोडलेल्या मांडीच्या हाडामागं, मी ते सरकवून दिलं.

वाटलं, आठवडाभरात विसरतील म्हातारबुवा. पण ते बाबूजी होते. दहा दिवस झाले, पंधरा झाले. ते जेवेनात. "नाचनगावचा मास्तर उत्तर देल्याबिगर राह्यतच नाई. कार्ड निघालं. मंग गेलं कुठं?" त्यांना माझ्या जातीचा संशय आला असता तर मी समजू शकलो असतो. त्यांना संशय आला तो टपालावर. सदतीस वर्षांत त्यांच्या हातून एक कार्ड गहाळ झालं नव्हतं आणि त्यांच्याच घरचं गहाळ झालं! त्यांनी पुलगावला फोन लावला. तिथला मास्तर म्हणाला, नाचणगावचं उत्तर इथून कधीच पुढं गेलं. झालं. बाबूजींनी देवरावविरुद्ध लेखी तक्रार दिली.

देवराव कायम नोकरीत नव्हता. त्याला लेखी जाब मागितला. तो मला गल्लीच्या तोंडाशी भेटला. सायकल भिंतीला टेकवून, चप्पल जमिनीवर घासत हळूच म्हणाला, "बाबू, तुमच्या हातात देल्तं नं मी?"

मी त्याच्या सायकलच्या पिशव्यांकडं पाहिलं.

"मी साहेबाले सांगतलं, आठवत नाई मले. तुमच्या घरी लेकरू होनार हाय, मले दिसते. पन माह्या घरीबी दोन हायेत." एवढं बोलून तो पॅडल मारत निघून गेला. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तर भरदुपारचं ऊन पडलं होतं, सगळं लख्ख दिसत होतं, आणि तरी मी हललो नाही. बायको म्हणाली, "सांगून टाका." मी म्हणालो, "आठवा महिना आहे तुला. कुठं जायचं?" तिनं त्या दिवसापासून लागणारी भांडी तेवढी बाहेर ठेवली आणि बाकीची पोत्यात बांधून ठेवली.

त्याच दिवसांत एक अमेरिकन आला. सेवाग्रामला राहायला आलेला, सत्तरीचा उंच म्हातारा. सायकलरिक्षातून उतरताना पडला आणि मनगट घेऊन माझ्याकडं एक्स-रेला आला. हाड शाबूत होतं. मी फिल्मवर त्याचं नाव लिहिलं, कार्पेंटर. आणि घरी बोलता बोलता मूर्खासारखा बोलून गेलो. बाबूजी ताडकन उठले. "आन त्याले घरी!"

कारण बाबूजींपाशी एक पुस्तक होतं. वर्ध्याच्या रद्दीवाल्याकडं मिळालेलं, इंग्रजी, जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या लोकांच्या आडनावांवर. अर्धं उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्लेलं. ए पासून के पर्यंतचे जर्मन उधईच्या पोटात गेले होते, एल पासून पुढचे बाबूजींना पाठ होते. दाढी करताना पाढ्यासारखे म्हणायचे. "म्युलरचा मिलर झाला. श्मिटचा स्मिथ झाला. श्नायडरचा कोनी स्नायडर, कोनी टेलर. श्वार्त्सनं सरळ ब्लॅक करून टाकलं." मी एकदा भीत भीत विचारलं होतं, बाबूजी, बदललं का असेल त्यांनी? "काही कारकुनानं ऐकलं तसं लेहलं. काहीनं आपल्या हातानं बदललं. काऊन बदललं ते पान उधईनं खाल्लं," ते म्हणाले होते.

अमेरिकन रविवारी आला. ओसरीवर तखतावर बसला. वहिनींनी पोह्यावर तर्री घातली होती, ती खाऊन त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण भला माणूस, सगळं संपवलं. बाबूजींचं इंग्रजी तारेतल्या मजकुरासारखं होतं. जिथं अडलं तिथं माझं तोडकंमोडकं. बाबूजींनी विचारलं, कार्पेंटर म्हणजे सुतार. कोणते सुतार? कुठले? अमेरिकन हसला. म्हणाला, गंमत आहे, आमच्या घराण्यात कुणी करवत हातात धरली नाही, सगळे शेतकरी. आजोबा कुठून आले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. घरात एक लाकडी पेटी होती, तिच्या झाकणाला आतून झेड हे अक्षर डागलेलं. झेडवरून नाव असलेलं आमच्यात कुणीच नाही.

बाबूजी उठले, पुस्तक आणलं, थेट शेवटची पानं उघडली. बोट ठेवलं. "त्सिमरमन. जर्मन. कार्पेंटर म्हंजे तेच."

अमेरिकन त्या पानाकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "माझी आजी घरात पिवळी फुलं आणू द्यायची नाही. पिवळं काहीच नाही. आम्ही नातवंडं तिची टिंगल करायचो." पहिल्या महायुद्धात त्यांच्या गावात लोक जर्मनांच्या दारांना पिवळा रंग फासत, हे त्यानं ऐकलं होतं. पण ती दारं आणि आजी यांचा काही संबंध असेल हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. म्हातारा हुंदका न देता रडत होता, गालावरून नुसतं पाणी.

"काय म्हून राह्यला तो?" वहिनींनी मला विचारलं.

"त्याच्या आजोबांनी आडनाव बदललं होतं, म्हणतो."

"काऊन? चोरीबिरी केलती का?"

"नाही. भीतीनं."

"अगं माय! ज्यानं काही केलं नाई त्याले भीती कायची?" वहिनी सहज बोलल्या आणि रिकाम्या बश्या घेऊन आत गेल्या.

अमेरिकनानं बाबूजींना विचारलं, माझा आजोबा खोटा माणूस होता का? मी मराठीत सांगितलं. बाबूजींनी मान हलवली आणि आपल्या तारेच्या इंग्रजीत म्हणाले, "नो. अ‍ॅड्रेस चेंज्ड. पर्सन सेम. डिलिव्हर." आणि त्याच्या न दुखणाऱ्या हातावर हात ठेवून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. देवरावला साहेबासमोर उभं राहायचं होतं. मी पहाटेच इस्पितळात जाऊन ते मोडक्या हाडाचं पाकीट उघडलं आणि सकाळी चहाच्या वेळी कार्ड बाबूजींच्या पुढ्यात ठेवलं. बायको आमच्या खोलीच्या दारात उभी होती, हात पोटावर. तिच्या पायाशी बांधलेलं पोतं.

बाबूजींनी कार्ड वाचलं. मग उलटंसुलटं करून निघाल्याचा आणि पोचल्याचा शिक्का पाहिला. आणि काय सांगू, त्यांचा चेहरा उजळला! "तीन दिवसात आलं," ते म्हणाले. "टपाल बराबर हाय!" मग वर माझ्याकडं पाहिलं आणि हळूहळू सगळं त्यांच्या ध्यानात आलं. "टपाल दाबलं तू?"

"हो बाबूजी."

"गरीब मानसाच्या नोकरीवर उठलो नं मी तुह्यापाई!" एवढं मोठ्यानं ते कधी बोलले नव्हते. मी डोळे मिटून घेतले. आता वहिनी बाहेर येणार, आता गादी बाहेर येणार. पण ते म्हणाले, "चप्पल घाल."

आम्ही पोस्टापर्यंत पायी गेलो. साहेबाच्या टेबलासमोर देवराव हात मागं बांधून उभा होता. बाबूजींनी खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "माह्याच पुस्तकात होतं. ठेवलं अन् विसरलो. म्हातारा झालो. तक्रार वापस घेतो." ज्या माणसानं सदतीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडं केला नाही, तो भर ऑफिसात, आपल्याच खात्याच्या लोकांपुढं सांगत होता की माझ्या हातून टपाल गहाळ झालं. एक कारकून हसला. बाबूजींनी देवरावपुढं हात जोडले. मीही जोडले. देवरावनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

परत येताना फाटकाशी ते थांबले. "आता खरं गाव सांग."

मी तोंड उघडलं, तर वहिनी अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी मान वळवून विचारलं, "कुठं गेलते दोघं सकायी सकायी?" मी फाटकाची कडी लावू लागलो. बाबूजींनी सुनेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "राहू दे," ते हळू आवाजात म्हणाले. "मंग सांगजो."

तो "मंग" अकरा वर्षं चालला.

तुम्ही म्हणाल, दुसरं घर का नाही पाहिलं. पाहिलं असतं. पण मुलगी झाली, आणि वहिनींनी माझ्या बायकोची आईनं करावं तसं बाळंतपण केलं. डिंकाचे लाडू, शेक, पोरीची मालिश. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. पोरगी त्यांना "मोठी आई" म्हणायची, त्यांच्याच ताटात जेवायची, त्यांच्याच देवघरापुढं झोपून जायची. त्या प्रत्येक घासाला माझ्या मनात एकच यायचं. कळलं तर? गादी रस्त्यावर पडली तर उचलता येते हो. पण पोरीला या बाईच्या मांडीवरून कुणी खाली ढकललं तर? वहिनी वाईट नव्हत्या. त्या वाईट असत्या तर मी इतका भ्यालोच नसतो.

दसऱ्याला आम्ही नागपूरला जायचो ते "मावशीकडं" म्हणून सांगून. पोरगी चार वर्षांची असताना आम्ही गावाहून आलो आणि तिनं आजोबांनी शिकवल्याप्रमाणं ओसरीवर वहिनींपुढं दोन्ही हात जोडले आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "जय भीम, मोठी आई!"

वहिनींचा हात सुपात थांबला. "हे कोनी शिकोलं तुले?"

मी काही बोलण्याआधी खणांच्या भिंतीपाशी उभे असलेले बाबूजी मागं न बघताच म्हणाले, "अंगनवाडीत सगळेच शिकते. सगळ्यायचे लेकरं येते तिथं." आणि हातातली चिठ्ठी फेकली. वहिनी हसल्या आणि पुन्हा तांदूळ पाखडू लागल्या. मी पोरीला उचलून खोलीत आणलं, दार लावलं आणि तिच्या तोंडात मारली. आयुष्यात एकदाच मारलं तिला. तिला कळलंच नाही कशासाठी. ती माझ्याकडं पाहत राहिली, रडलीसुद्धा नाही. बायकोनं तिला माझ्या हातातून ओढून घेतलं.

वर्षातून एक-दोनदा, घरात दुसरं कुणी नसलं की बाबूजी विचारायचे, "सांगतो का?" मी म्हणायचो, "सांगतो बाबूजी, नंतर." ते आग्रह करायचे नाहीत. त्यांच्या टेबलावर माझ्या आडनावाची चिठ्ठी होती. गावाची जागा कोरी. जगातल्या कुठल्याही माणसाचं गाव हुडकून काढणारा तो माणूस. इस्पितळात माझी पत्रं कुठून येतात हे पोस्टात विचारून तिथं एक कार्ड टाकलं असतं तर आठ दिवसांत माझी सात पिढ्यांची कुंडली हातात आली असती. टाकलं नाही.

दोन हजार सालानंतरच्या चौथ्या-पाचव्या उन्हाळ्यात त्यांची छाती भरली. इस्पितळात आणलं. एक्स-रे माझ्याकडंच आला. त्यानंतर दोन दिवसांनी ते गेले, पण तेव्हा आम्हाला ते ठाऊक नव्हतं. मी त्यांना ट्रॉलीवरून टेबलावर घेतलं, वहिनींना नियमाप्रमाणं बाहेर थांबायला सांगितलं आणि जाड दार लोटून घेतलं.

बाबूजींनी खोलीभर नजर फिरवली. धाप लागत होती. "इथं तं कोनी नाई नं?"

"नाही."

"सांग मंग आता."

मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि सांगितलं. गावाचं नाव सांगितलं. आमची चाळीस घरं, गावाच्या पूर्वेला. आजोबांचं आडनाव येसकर. ते ऐकलं की लोकांना लगेच जात कळायची म्हणून वडिलांनी मला शाळेत घालताना ते काढून टाकलं. हे मी कधी कुणाला मोठ्यानं सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा असं सलग नाही.

"येसकर," बाबूजी म्हणाले. तोंडात गुळाचा खडा ठेवावा तसं ते आडनाव त्यांनी घोळवलं. "गावाची येस तुह्या आज्याच्या हातात होती. दिवस बुडाला का त्यानं दार लावाचं, उजाडलं का उघडाचं. पाटील असो का सावकार, येसकरानं 'ये' म्हनल्याबिगर गावात पाय ठेवता ये नाई." त्यांना खोकला आला. तो ओसरल्यावर म्हणाले, "अन् तू भेतं, लेका!"

मी रडत होतो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात तापलेला होता. मग मी डोळे पुसले, फिल्म लावली, "श्वास घ्या, रोखा" म्हणालो, आणि बटण दाबलं. एकदाच. पहिल्याच फिल्मला छाती नीट आली.

बाबूजींना परत ट्रॉलीवर घेतलं आणि दार उघडलं. वहिनी अगदी दाराला लागूनच उभ्या होत्या, डोळे सुजलेले. त्यांच्या पदराला धरून माझी मुलगी. "येवढा वेळ काऊन लागला?" त्यांनी विचारलं. "काय बोलून राह्यले होते बाबूजी?"

सांगायला हरकत नव्हती. अकरा वर्षं झाली होती. त्या बाईनं माझी पोर वाढवली होती. कानात बाबूजींचा आवाज होता, अजून गरम. मी वहिनींकडं पाहिलं, पोरीच्या मुठीतल्या त्यांच्या पदराकडं पाहिलं.

"काही नाही वहिनी," मी म्हणालो. "श्वास रोखा म्हणत होतो. त्यांना जमत नव्हतं, म्हणून एक्स-रे पुन्हा पुन्हा घ्यावा लागला."

ट्रॉलीवरून बाबूजींनी डोळे उघडले. क्षणभर माझ्याकडं पाहिलं. मग सुनेकडं मान वळवून, धापा टाकत म्हणाले, "बराबर सांगून राह्यला तो. मलेच नाई जमलं."

वहिनींनी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. मी यादी हातात घेतली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.